खिडकी बदलली, दप्तर बंदच

राज्य शासनाच्या शंभर दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा मोहिमेचा निकाल १ मे २०२५ रोजी जाहीर झाला आणि महापालिकांच्या गटात उल्हासनगरने ८६.२९ गुण मिळवून पहिला क्रमांक पटकाविला. पिंपरी-चिंचवड, पनवेल, नवी मुंबई या सधन आणि नावाजलेल्या महापालिका तिच्या मागे राहिल्या. उल्हासनगरचे नाव वर्तमानपत्रांच्या रकान्यांत येते ते बहुधा अनधिकृत बांधकामांच्या, कोसळलेल्या स्लॅबांच्या किंवा पक्षांतरांच्या निमित्ताने. अशा नगरीने शिस्तीच्या परीक्षेत अव्वल यावे, ही आनंदाची गोष्ट आहे आणि तेथील प्रशासनाचे व कर्मचाऱ्यांचे अभिनंदन करताना कोणी हात आखडता घेण्याचे कारण नाही. भारतीय गुणवत्ता परिषदेसारख्या त्रयस्थ संस्थेने ही तपासणी केली असल्याने घरच्यांनीच घरच्यांना हार घातला, असेही म्हणता येणार नाही.

परंतु परीक्षेत जे विचारले गेले त्याचेच उत्तर मिळते. या मोहिमेत संकेतस्थळ अद्ययावत करणे, कार्यालयाची स्वच्छता, तक्रारींचे निवारण, अभ्यागतांच्या सोयी, अधिकाऱ्यांच्या क्षेत्रीय भेटी असे विषय होते. ते सारे आवश्यकच होते. ज्या इमारतीत पाऊल टाकताच जिन्याच्या कोपऱ्यातील पिंका आणि कपाटांवर रचलेले धुळकट गठ्ठे दृष्टीस पडतात, तेथे नागरिकाला आपण नागरिक आहोत याची आठवण तरी कशी राहावी? मात्र एक प्रश्न या परीक्षेच्या पत्रिकेत ठळकपणे दिसला नाही. कार्यालयात जे दप्तर आहे, म्हणजे कोणाला काय परवानगी दिली, कोणती इमारत धोकादायक ठरविली, कोणत्या भूखंडाची सनद खरी आणि कोणत्या भूखंडाची नाही, ते सामान्य माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते काय?

संगणकाने काहीच दिले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून मुंबईस नोकरीला जाणाऱ्या कारकुनाला एका दाखल्यासाठी एक रजा, आणि ‘उद्या या’ म्हटले की दुसरी रजा, हा हिशेब तोंडपाठ होता. उल्हासनगर आणि अंबरनाथ हे दोन्ही तालुके एकाच उपविभागात येतात. त्यामुळे बदलापूरच्या विद्यार्थ्यालाही जातीच्या दाखल्यासाठी उल्हासनगरच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाहावे लागते. पूर्वी जून-जुलैत, प्रवेशाच्या हंगामात, या कार्यालयांपुढे लागणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ‘आपले सरकार’ केंद्रातून अर्ज करता येण्याचे मोल वेगळे सांगावयास नको. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवेला मुदत ठरवून दिली, ती चुकविणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आणि अपिलाचा मार्गही मोकळा केला. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि तलाठ्याच्या सहीसाठी सज्जाच्या ओट्यावर ताटकळणारा शेतकरी त्या जाचातून बराचसा सुटला. ही सारी कमाईच आहे.

तथापि खिडकीच्या आतल्या बाजूचे चित्र तितके देखणे नाही. ‘साहेब जागेवर नाहीत’ या जुन्या उत्तराची जागा ‘सर्व्हर डाऊन आहे’ या नव्या उत्तराने घेतली आहे, आणि नव्या उत्तराची सोय अशी की साहेब निदान केव्हातरी परत येत असत. कारकुनाची कथा याहून करुण आहे. नोंदवही बंद झालेली नाही आणि संगणकही सुरू झाला आहे. तेव्हा एकच नोंद दोनदा करावयाची, आणि दोहोंत तफावत निघाली तर खुलासाही त्यानेच द्यावयाचा. शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. ‘सरल’, ‘यू-डायस’, ‘शालार्थ’ अशा निरनिराळ्या प्रणालींत त्याच मुलांची आणि त्याच शिक्षकांची माहिती पुनःपुन्हा भरण्यात वर्गावरचे कितीतरी तास खर्ची पडतात. इतके करून ती माहिती खरी राहते, असेही नाही. नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांकांच्या आधारे शिक्षकांच्या नावे वेतन काढल्याचे प्रकरण २०२५ मध्ये उघडकीस आले आणि शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली. प्रणाली होती, संकेतशब्द होते, मंजुरीच्या पायऱ्याही होत्या. नव्हती ती एकच गोष्ट: कोणत्या शाळेत कोणत्या मंजूर पदावर कोण आहे, हे त्या गावच्या पालकाला वा शेजारच्या वर्गातील शिक्षकाला सहज पडताळता येण्याची सोय.

येथेच सेवा आणि माहिती यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. सेवा म्हणजे नागरिकाने मागावे आणि शासनाने द्यावे. या व्यवहारात नागरिक याचकच राहतो. फरक पडला तो इतकाच की पूर्वी तो खिडकीपुढे उभा राहून याचना करी, आता भ्रमणध्वनीच्या पडद्यापुढे बसून करतो. माहिती खुली असणे ही निराळी गोष्ट आहे. तेथे नागरिकाला काही मागावयाचे नसते. जे दप्तर त्याच्याच पैशाने आणि त्याच्याच नावाने ठेवले जाते, ते तो केवळ पाहतो. आपल्याकडे दप्तर हे सत्तेचे मर्म मानले गेले आणि म्हणून ते कुलूपबंद राहिले. पुण्यातील पेशवे दप्तर इंग्रजांनी अभ्यासकांना शतकाहून अधिक काळ मोकळेपणाने हाताळू दिले नाही. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले ते १९३० नंतर. राज्य बुडून शतक उलटले तरी त्याच्या कागदांची भीती गेली नव्हती! याउलट अंबरनाथच्या शिवालयावर शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहारांच्या काळातील लेख कोरलेला आहे. तो दगडावर आहे, देवळावर आहे, आणि ज्याला वाचता येईल त्याने वाचावा यासाठीच आहे.

केवळ संगणकीकरणाने दप्तर स्वच्छ होत नाही, याचा दाखला शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. उल्हासनगरला लागूनच असलेली कल्याण-डोंबिवली महापालिका ही या क्षेत्रातील एके काळची अग्रणी. विसावे शतक संपून एकविसावे सुरू होत असतानाच्या त्या वर्षांत तिने संगणकीकृत नागरी सुविधा केंद्र उभारले, जन्ममृत्यूच्या नोंदी, कर आणि परवाने एका छताखाली आणले, आणि राज्य शासनाने तोच नमुना अन्य नगरपालिकांनी उचलावा असे ठरविले. त्या काळी ठिकठिकाणचे अधिकारी ते केंद्र पाहावयास कल्याणला येत असत. त्याच महापालिकेच्या हद्दीत २०२२ मध्ये ६५ इमारतींचे प्रकरण बाहेर आले. या इमारतींच्या विकासकांनी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार केल्या, त्या महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे सादर केल्या आणि रीतसर नोंदणी क्रमांकही मिळविले. ग्राहकाने महारेराचे संकेतस्थळ उघडून पाहिले, तेथे क्रमांक दिसला, परवानगीचा कागद दिसला, बँकेने कर्ज दिले, दस्त नोंदविला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला तेव्हा आयुष्यभराची पुंजी घालून बसलेल्या कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली.

या प्रकरणाचा अर्थ नीट लावला पाहिजे. महारेराचे दप्तर खुले होते. २०१७ पासून ते कोणालाही पाहता येते, आणि देशातील अशा प्रयत्नांत ते उजवे आहे. पण ते खुले दप्तर ज्या मूळ दप्तरावर उभे होते, ते महापालिकेच्या नगररचना विभागाचे परवानगी-नोंदपुस्तक, बंद होते. अमुक क्रमांकाची परवानगी अमुक तारखेला महापालिकेने दिली आहे काय, एवढी एक ओळ महापालिकेच्या संकेतस्थळावर पाहता आली असती तर घर घेणाऱ्या कोणत्याही कारकुनाने ती ताडून पाहिली असती. त्याला त्यासाठी वास्तुविशारद असण्याची गरज नव्हती. पुढे न्यायालयाच्या आदेशांनंतर स्थानिक प्राधिकरणाकडून परवानगीची खातरजमा करून घेण्याची व्यवस्था महारेराने केली. म्हणजे दोन कार्यालये आता एकमेकांना विचारू लागली आहेत. नागरिकाने मात्र अजूनही त्यांच्या उत्तरावर विश्वास ठेवावयाचा आहे.

यातील विसंगती अशी की शेतजमिनीच्या बाबतीत महाराष्ट्राने हा संकोच केव्हाच टाकला. मुरबाडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, किती गुंठे आहेत, कोणता बोजा आहे, हे नागपुरात बसलेला माणूस घरबसल्या पाहू शकतो. शेतकऱ्याने त्याविरुद्ध तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. मग अंबरनाथ-बदलापूरच्या चौपदरी रस्त्यालगत उभ्या राहणाऱ्या वीस मजली संकुलाला किती मजल्यांची परवानगी आहे, हे गुपित असावे, असा कोणता राष्ट्रहित त्यात दडलेला आहे?

उल्हासनगरच्या बाबतीत हा प्रश्न जिव्हारीचा आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित उतरले. १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. आजही पत्ता सांगताना माणसे कॅम्प क्रमांक एक ते पाच असाच सांगतात. १९५४ च्या विस्थापितांच्या भरपाईविषयक कायद्यान्वये बराकी आणि भूखंडांच्या सनदा देण्यात आल्या. जी माणसे घरदार आणि त्याचे सारे कागद मागे टाकून आली, त्यांच्या लेखी हा नवा कागद म्हणजे केवळ मालकीचा पुरावा नव्हता. पुढे बराकींच्या जागी चाळी आल्या, चाळींच्या जागी पाच-सहा मजली इमारती आल्या, सनद एकाची, बांधकाम दुसऱ्याचे, ताबा तिसऱ्याचा असा गुंता होत गेला, आणि बनावट सनदांचा बाजारही त्यातूनच उभा राहिला. उच्च न्यायालयाने ८५५ इमारतींवर हातोडा चालविण्याचे फर्मान काढले तेव्हा राज्य विधिमंडळाला केवळ या एका शहरासाठी २००६ मध्ये नियमितीकरणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या कायद्याचा लाभ फारच थोड्या इमारतींना मिळाला. कारणे अनेक आहेत. पण अर्जदाराला स्वतःच्याच जागेचा पूर्वेतिहास सिद्ध करता न येणे, हे त्यांतील एक मोठे कारण होय. ज्या दप्तरात तो इतिहास आहे ते त्याला पाहावयास मिळत नाही, आणि जे मिळते ते दलालाकडून मिळते.

या अंधाराची किंमत रुपयांतच मोजावी लागते, असे नाही. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले; त्यांतील दुसऱ्या दुर्घटनेत सात जणांचा बळी गेला. त्यानंतर नोटिसा निघाल्या, संरचनात्मक तपासणीची सक्ती झाली. दर पावसाळ्याच्या तोंडावर सर्वच महापालिका आणि नगरपालिका धोकादायक इमारतींची यादी काढतात आणि ती बहुधा संकेतस्थळावर असतेही. परंतु ती असते कागदावर टंकलिखित करून, सही-शिक्का मारून, मग त्याचे छायाचित्र काढून चढविलेली. तीत नाव शोधता येत नाही, गेल्या वर्षीच्या यादीशी तुलना करता येत नाही, तपासणी कोणी केली आणि तिचा निष्कर्ष काय हे कळत नाही. भाडेकरू म्हणून नव्याने राहावयास येणाऱ्या कुटुंबाला आपल्या डोक्यावरील छताविषयी महापालिकेला जे ठाऊक आहे ते ठाऊक असू नये, ही गोष्ट गंभीर आहे. कित्येक ठिकाणी जुना मजकूर अशा टंकांत आहे की तो नव्या यंत्रावर उघडला तर मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. माहिती प्रसिद्ध करणे आणि ती वाचता येणे, या दोन गोष्टी शासकीय शब्दकोशात अद्याप समानार्थी झालेल्या नाहीत.

बदलापूरची चिंता पाण्याची आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या वेढ्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले, परंतु उल्हास नदीकाठच्या वस्त्यांना त्याचे नवल वाटले नाही. २६ जुलै २००५ त्यांच्या स्मरणात होतीच. नदीच्या पुराची निळी आणि लाल रेषा आखण्याचे काम जलसंपदा विभाग करतो. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मध्ये निर्बंध. या रेषा कोणत्या सर्वेक्षण क्रमांकातून जातात, हे विकासकाला आणि अभियंत्याला माहीत असते. ठाण्या-मुंबईच्या भाड्याला कंटाळून बदलापुरात पहिले घर घेणाऱ्या शिक्षक दांपत्याला ते पहिल्या पावसाळ्यात तळमजल्यावर कळते. वालधुनीचेही तसेच. अंबरनाथहून उल्हासनगरमार्गे वाहणाऱ्या या नदीचे पाणी कोणत्या दिवशी कसे आहे, याची मोजणी होते, तिचे आकडेही निघतात; पण २०१४ च्या नोव्हेंबरात नदीपात्रात रसायन सोडले गेले आणि काठावरील शेकडो रहिवाशांना श्वास घेणे कठीण झाले, तेव्हा त्यांना बातमी दिली ती त्यांच्या नाकाने.

दप्तर खुले करण्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही पोकळ नाहीत. पहिला असा की जमिनींची माहिती उघड झाली की भूमाफियांचे फावते. परंतु ज्यांच्यापासून ती लपवावयाची, त्यांच्यापाशी ती आधीच असते. कोणत्या टेबलावर काय ठेवले की कोणती फाईल दिसते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक आहे? दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. तो अधिक वजनदार आहे, आणि आता त्याला कायद्याचे पाठबळही आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील एक महत्त्वाचे कलम बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अमलातही आला. पूर्वी खाजगी माहितीही व्यापक जनहित असेल तर द्यावी, असे त्याच पोटकलमात म्हटले होते. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द नकाराला पुरतात. जनहितासाठी माहिती देण्याची दुसरी तरतूद कायद्यात शिल्लक आहे, हे खरे. पण नकार द्यावयास उत्सुक असलेला अधिकारी पुढचे पान उलटीलच, याची शाश्वती कोणी द्यावी? म्हणून सीमारेषा स्पष्ट आखणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याचा आधार क्रमांक, रुग्णाचा आजार, विधवेच्या निवृत्तिवेतनाचा बँक खाते क्रमांक ही नागरिकाची माहिती. ती कुलपातच हवी. आणि गंमत अशी की नेमक्या याच याद्या कार्यालयांच्या भ्रमणध्वनी-गटांतून बेधडक फिरत असतात. बांधकाम परवानगी, निविदा, तपासणी अहवाल ही शासनाच्या कृतीची नोंद आहे. ती कोणाचीही खाजगी बाब होऊ शकत नाही.

यासाठी नव्या कायद्याची, नव्या अभियानाची किंवा सल्लागार कंपनीची आवश्यकता आहे, असा समज कोणी पसरवू नये. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या नोंदींची सूची करावी, त्या संगणकावर आणाव्यात आणि सवलती, परवाने वा प्राधिकारपत्रे ज्यांना दिली त्यांचा तपशील, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, स्वतःहून प्रसिद्ध करावा, असे स्वच्छ शब्दांत लिहिले आहे. त्यासाठी दिलेली १२० दिवसांची मुदत ऑक्टोबर २००५ मध्ये संपली. नागरिकाने काही विचारूच नये इतकी माहिती आधीच बाहेर असावी, ही त्या कलमाची कल्पना होती. प्रत्यक्षात वीस वर्षे अर्जच सुरू राहिले, आणि अर्ज करणाऱ्यांत काही खंडणीखोर शिरले म्हणून साऱ्याच अर्जदारांकडे संशयाने पाहण्याची सोय प्रशासनाला लाभली. दप्तर उघडे असते तर त्या खंडणीखोरांचा धंदाही चालला नसता.

अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपालिकांत २०२० पासून साडेपाच वर्षे, आणि उल्हासनगर महापालिकेत २०२२ पासून पावणेचार वर्षे प्रशासकांची राजवट होती. या काळात सभागृहात उठून प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका होऊन तिन्ही ठिकाणी लोकनियुक्त सभागृहे आली आहेत. १ जानेवारी २००५ पासून दिलेल्या प्रत्येक बांधकाम परवानगीचा क्रमांक, तारीख, सर्वेक्षण क्रमांक, मंजूर मजले, विकासकाचे नाव आणि भोगवटा प्रमाणपत्राची स्थिती, एवढे सहा रकाने शोधता येतील अशा स्वरूपात, मराठीत, आणि उल्हासनगरात सिंधी व हिंदीतही, संकेतस्थळावर ठेवावेत, असा ठराव यांपैकी कोणत्याही सभागृहाला आणता येईल. त्याला लागणारी नोंदपुस्तके नगररचना विभागाच्या कपाटात आहेत. शंभर दिवसांच्या मोहिमेत ती कपाटे नुकतीच झाडूनपुसून लावलेली आहेत.